निद्रिताची जबानी

गेल्या वर्षी चैत्राच्या अखेरीस एका कौटुंबिक कार्यानिमित्त साताऱ्याहून सांगलीस जाण्याचा प्रसंग आला आणि विश्रामबागेतील माझ्या भाचीच्या नव्या घरी मुक्काम पडला. त्या मुक्कामातील एका रात्रीने जो प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो अद्याप मला सोडावयास तयार नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ज्याचे आयुष्य गेले त्याला ऐन उन्हाळ्यातही पहाटे पांघरूण अंगावर ओढून घेण्याची सवय असते. कृष्णाकाठच्या सखल सांगलीत मात्र दिवसभर तापलेल्या स्लॅबची धग मध्यरात्र उलटली तरी उतरत नाही, म्हणून "मामा, तुम्ही एसीच्याच खोलीत झोपायचं," असा भाचीने आग्रह धरला व मीही तो मोडला नाही. पहिली झोप गाढ लागली. नंतर केव्हातरी जाग आली ती कशाने हे कळेना, कारण खोलीत संपूर्ण शांतता होती. थोड्या वेळाने भिंतीवरच्या स्टॅबिलायझरमध्ये टक असा आवाज झाला, भिंतीपलीकडे काहीतरी थरथरून उठले, एक खोल घुमारा खाटेच्या पायांतून अंगात शिरला, आणि तेव्हा ध्यानात आले की मला जागे केले होते ते आवाजाच्या थांबण्याने.

सकाळी भाचीने विचारले तेव्हा झोप उत्तम झाली असेच मी सांगितले, आणि ते केवळ सौजन्यापोटी बोललेले नव्हते. मला खरोखरच तसे वाटत होते. चहा घेऊन गच्चीवर गेलो तो शेजारच्या गच्चीवर सत्तरीच्या एक काकू कुरडया वाळत घालीत होत्या. त्यांच्या निजण्याच्या खोलीची खिडकी आमच्या भिंतीवर बसवलेल्या बाहेरच्या पेटीपासून, जिला सर्वजण 'आउटडोअर' म्हणतात तिच्यापासून, जेमतेम चार हातांवर होती. "रात्री गार लागलं न्हवं? बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "मला तेवढं ते रात्रभर उशाला गिरणी चालल्यागत वाटतं. पण बोलायचं कसं? माझ्या दुखण्यात पोरीनं महिनाभर डबा दिलाय."

एकाच रात्रीविषयी या दोन जबान्या झाल्या: एक माझी, जो सुखाने निजलो असे म्हणत होतो, आणि एक त्यांची, ज्या निजल्याच नव्हत्या. दोहोंपैकी कोणतीही खोटी नव्हती. परंतु जो स्वतः निजला आहे त्याने आपल्या निद्रेविषयी साक्ष द्यावी आणि ती ग्राह्य धरावी, हे मुळात कितपत युक्त आहे? आणि माझी निद्रा जर भिंतीपलीकडच्या दुसऱ्या कोणाच्या जागरणातून निर्माण झाली असेल, तर ती माझी म्हणण्याचा अधिकार मला कितपत आहे?

या प्रश्नांचा विचार करताना मला बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायातील एक आख्यान पुन्हापुन्हा आठवत राहिले, जे मी तरुणपणी वाईस, म्हणजे प्राज्ञपाठशाळेमुळे ज्या गावाला शास्त्रचर्चेचे वळण लागले तेथे, एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या तोंडून ऐकले होते. गार्ग्य नावाचा विद्येचा अभिमान बाळगणारा एक ब्राह्मण काशीचा राजा अजातशत्रू याच्याकडे जातो आणि मी तुला ब्रह्म सांगतो असे म्हणून सूर्यातला पुरुष, चंद्रातला पुरुष, विजेतला, वाऱ्यातला, आरशातला असे एकामागून एक बारा पर्याय पुढे ठेवतो. त्यांत चालणाऱ्याच्या पाठोपाठ जो ध्वनी उठतो तोही एक आहे. राजा प्रत्येक पर्याय अपुरा ठरवतो. शेवटी गार्ग्य निरुत्तर होऊन शिष्यत्व मागतो, तेव्हा राजा कोणतेही प्रवचन न करता त्याचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसापाशी नेतो, त्या माणसाला सोमाची थोर थोर नावे घेऊन हाका मारतो, आणि तो उठत नाही. मग राजा त्याला हाताने हलवतो आणि तो उठून उभा राहतो. एवढे झाल्यावर राजा विचारतो: हा जाणणारा पुरुष, हा निजला होता तेव्हा कोठे होता, आणि आता कोठून आला?

जगाच्या तत्त्वचिंतनात याहून साधा आणि याहून खोल असा प्रयोग मला तरी ठाऊक नाही. शांकरभाष्याचा आशय असा की ती नावे त्या माणसाची नव्हतीच. ती प्राणाची होती, आणि निजलेल्याच्या देहात प्राण जागाच असतो, श्वास चाललेलाच असतो. तो जर खरा भोक्ता असता तर आपल्या नावाची हाक ऐकून त्याने उत्तर दिले असते. ज्याअर्थी उत्तर आले नाही त्याअर्थी जाणणारा निराळा. आता यास विसाव्या शतकातील एक प्रयोग जोडून पाहावा. 1960 साली इयान ऑस्वाल्ड व त्यांचे सहकारी यांनी निजलेल्या माणसांना नावांची एक लांबलचक यादी ऐकवली, आणि त्यांना असे आढळले की इतरांच्या नावांपेक्षा स्वतःचे नाव आले की निजलेल्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींत विशिष्ट खळबळ अधिक वेळा उमटते, मग तो जागा होवो वा न होवो. म्हणजे कानाला पापणी नाही. मनुष्य निजतो, कान निजत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक ध्वनीची कोणीतरी रात्रभर रुजुवात घेत बसलेला असतो: हा माझा, हा परका, हा नेहमीचा, हा नवा. राजाने त्या माणसाला त्याच्याच नावाने हाक मारली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी शास्त्रीबुवांना विचारावयास हवा होता; आता ते हयात नाहीत.

या रुजुवातीचे वर्म असे की तिला आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या बदलाची खबर अधिक लागते. धबधब्याशेजारी माणूस निजतो आणि कडी वाजताच उठतो. जुन्या धर्तीच्या, एकाच गतीने चालणाऱ्या यंत्रात खोली ठरल्याइतकी गार झाली की कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ऊब थोडी वाढली की पूर्ण जोराने पुन्हा सुरू होतो. रात्रीतून अशी कितीतरी आवर्तने होतात, आणि प्रत्येक आवर्तनाला दोन कडा असतात, एक आरंभाची व एक अंताची. त्या कडांवर निद्रा फाटते. नव्या इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रात कॉम्प्रेसर सहसा थांबत नाही, आपली गती कमीअधिक करतो, म्हणून त्या कडा बोथट होतात, एवढाच तिचा या दृष्टीने लाभ. शिवाय या यंत्राच्या घुमाऱ्यात खालच्या पट्टीचे कंप अधिक असतात, आणि खिडकी लावल्याने बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जितके अडतात तितके हे अडत नाहीत. पेटी जर चार इंची भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटने जखडलेली असेल आणि मधले रबर झिजून गेले असेल, तर अख्खी भिंतच नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणे बोलू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली निजण्याच्या खोलीतील अखंड आवाजासाठी 30 डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्याकडील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात घराबाहेरच्या आवाजाला रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डेसिबलची मर्यादा घातली. दहा डेसिबल वाढणे म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होणे, हे ध्यानी घेतले म्हणजे अशा आकड्यांतील लहानशी दिसणारी वाढही केवढी मोठी असते ते कळते.

पण मला मोजमापापेक्षा साक्षीचा प्रश्न अधिक अस्वस्थ करतो. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य म्हणतो की मी सुखाने निजलो, मला काहीही कळले नाही. आणि या एका वाक्यावर वेदान्त्यांनी केवढा तरी इमला उभारला आहे, कारण काही कळले नाही हेही ज्याला कळले असा कोणीतरी साक्षी तेथे असला पाहिजे, एरवी हे स्मरण कोणाचे? पतंजलीनेही निद्रेला ज्ञानाचा निव्वळ अभाव न म्हणता चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक म्हटले आहे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. तथापि त्यातून जे सिद्ध होते ते साक्षीचे अस्तित्व. देहाचे कुशल त्याने सिद्ध होत नाही. रात्रीच्या आवाजाने निजलेला माणूस जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाची गती क्षणभर वाढते, रक्ताचा दाब चढतो, गाढ झोप उथळ होते, आणि सकाळी यातले काहीही त्याच्या स्मरणाच्या दप्तरी नोंदलेले नसते. म्हणून "झोप छान झाली" ही माझी त्या सकाळची जबानी प्रामाणिक असूनही अपुरी होती. ज्याला काही कळले नाही त्याचे काही गेले नाही, असे म्हणण्याची मुभा वेदान्त देत नाही, आणि शरीरशास्त्र तर नाहीच नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडे फार जुना व फार आदरणीय असल्यामुळे त्याला बाजूस सारून पुढे जाता येत नाही. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाची कथा आहे. हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, तीवर पानांचे पातळ अंथरूण, अंगावर काषाय वस्त्र आणि बोचरा वारा, अशा स्थितीत बुद्धांना पाहून हत्थक विचारतो की रात्री सुखाने झोप लागली का; आणि बुद्ध सांगतात की जगात जे सुखाने निजतात त्यांच्यांतला मी एक आहे. मग तेच उलट विचारतात की आतून बाहेरून लिंपलेल्या, वारा न शिरणाऱ्या, खिडक्या लावून घेतलेल्या घरात मऊ बिछान्यावर निजणारा गृहस्थ जर लोभाच्या, द्वेषाच्या वा मोहाच्या दाहाने जळत असेल तर तो सुखाने निजेल काय? समर्थांच्या सज्जनगडावर बसून दासबोधाच्या अठराव्या दशकातील निद्रानिरूपणाचा समास वाचावा, म्हणजे जांभया, पेंग आणि घोरणे यांचे रोखठोक वर्णन करणाऱ्या त्या संताचीही निद्रेकडे पाहण्याची दृष्टी कशी सावध होती ते दिसते. या परंपरेत वाढलेला माणूस सहज म्हणेल की आवाज बाहेर नसून मनात आहे. मन शांत करा, यंत्राला दोष देऊ नका.

हा उपदेश स्वतःला करावयाचा असेल तर त्याहून उत्तम उपदेश नाही. पण तो दुसऱ्याला केला की त्याचा अर्थच पालटतो. बुद्धांनी पानांच्या अंथरुणावर निजण्याचे आपण होऊन पत्करले होते. खिडकीशी पेटी यावी असे त्या काकूंनी पत्करले नव्हते. ज्याच्या यंत्राचा घुमारा शेजाऱ्याच्या उशाशी पोचतो त्याने शेजाऱ्याला वैराग्य शिकवणे यात मला धर्म दिसत नाही. वैराग्य ही स्वतःच्या खात्यातून खर्च करावयाची वस्तू आहे, दुसऱ्याच्या नावे ती वसूल करता येत नाही. तसेच, ज्या घरावर पत्रा आहे आणि ज्या घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रोगी आहे त्या घराने यंत्र घेतले म्हणून त्याला विलासी ठरवणे हेही तितकेच निर्दय आहे. चरकाने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला देहाचा उपस्तंभ म्हटले, आणि निद्रा आणणाऱ्या उपायांत मनाला अनुकूल अशा शब्दाचीही गणना केली. आवाजमात्रच निद्रेचा वैरी, असे त्याचे म्हणणे नाही; प्रश्न अनुकूलतेचा आहे.

आणि अनुकूल शब्द म्हणजे काय हे समजण्यासाठी सांगलीकराला फार दूर जावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी मिरजेस गेलो, जेथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याची विद्या आत्मसात केली आणि जेथील सतार व तंबोरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसला होता. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवून तो ऐकत होता, आणि एका नेमक्या जागी तार अशी काही बोलू लागली की एका स्वरातून स्वरांचा झराच सुटला. तंबोराही अखंड गुंजतो. यंत्रही अखंड गुंजते. पंख्याच्या घरघरीवाचून झोप येत नाही असे सांगणारी माणसे प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांचे म्हणणे खरेही असते, कारण संथ, एकसारखा आवाज रस्त्यावरच्या हॉर्नला व कुत्र्यांच्या भुंकण्याला झाकून टाकतो. मग तंबोरा आणि घुमारा यांत अंतर कोणते? मला वाटते, पुष्कळसे अंतर संमतीचे आहे. गवई तंबोरा मागून घेतो, त्याच्या आधाराने आपला षड्ज शोधतो, आणि गाणे संपले की तंबोरा गवसणीत जातो. पंखा लावणारा स्वतः बटण दाबतो. जो आवाज आपण मागितला नाही, जो आपल्याला थांबवता येत नाही आणि जो केव्हा थांबेल हेही ठाऊक नाही, तो मंजुळ असला तरी अनुकूल होत नाही.

याच ठिकाणी आपल्या जुन्या वाड्यांच्या तंट्यांची आठवण होते. पागोळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, मोरीचा ओघळ कोणाच्या हद्दीतून जावा, यावरून भाऊबंदांच्या पिढ्या एकमेकांशी बोलेनाशा झाल्या, मामलेदारापर्यंत फिर्यादी गेल्या, वहिवाटीचे पुरावे निघाले. या तंट्यांत क्षुद्रता खूप होती. पण त्यांच्या मुळाशी एक शहाणपण होते, ते असे की माझ्या छपरावरून जे उतरते त्याची जबाबदारी माझी. यंत्राच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याविषयी आजही शेजारी हरकत घेतो आणि ती लगेच मान्य होते, कारण पाणी डोळ्यांना दिसते. पण हे यंत्र खोलीतील उष्णता आणि त्यावर आपल्या चालण्याची उष्णता अशी दुहेरी धग बाहेर टाकते, आणि तिच्यासोबत आवाज टाकते. यांची पागोळी कोणाला दिसत नाही, म्हणून तिची हद्दही कोणी आखलेली नाही. कायद्याने आकडे ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली निद्रेची गणना जगण्याच्या मूलभूत अधिकारात केली, हे मोठेच झाले. तथापि ज्या पोरीने दुखण्यात डबा दिला तिच्याविरुद्ध कोणती काकू पोलीसचौकीत जाईल? जेथे ममता असते तेथे कायद्याची दाद मागता येत नाही, आणि म्हणूनच तेथे धर्म लागतो.

थंडाव्याला आवाज असलाच पाहिजे असेही नव्हते. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधविलेल्या बारा मोटेच्या विहिरीत उतरावे. दगडी भिंती, खाली पाणी आणि आत बैठकीचा लहानसा महाल, भर दुपारी तेथे अंगावर शहारा येतो आणि पारव्याच्या पंखांवाचून काही ऐकू येत नाही. ते सुख अर्थात राजघराण्याचे होते, आणि माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडची रयत धाब्यावर नाही तर अंगणात उघड्यावर निजत असे, हे मी विसरत नाही. उलट विलिस कॅरियरने 1902 साली हे यंत्र प्रथम योजले ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यात, दमट हवेने कागद फुगू नये एवढ्यासाठी. माणसाच्या निद्रेचा विचार त्याच्या जन्मवेळी कोणी केलेला नव्हता. तो विचार आता आपल्यालाच करावयाचा आहे.

तो करता येतो, याची साक्ष सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टपासून असा परिपाठ घालून घेतला आहे की संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद व्हावेत आणि 8.30 ला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. हा कोणत्याही सरकारी हुकमाचा अंमल नव्हे. गावाने एकत्र बसून केलेली मसलत आहे. जे दीड तास एका गावाला जमले ते एका गल्लीला रात्रीच्या आठ तासांपुरते का जमू नये? ज्याच्या भिंतीवर पेटी बसते त्याने पेटी बसवण्यापूर्वी पलीकडे जाऊन एवढेच विचारावे की तुमची खाट कोणत्या भिंतीला आहे. वर्षातून एकदा रबर व खिळे तपासून घ्यावेत. यंत्र 24 अंशांवर ठेवून वर पंखा लावावा, म्हणजे कॉम्प्रेसरला धापा टाकाव्या लागत नाहीत.

अजातशत्रू त्या निजलेल्याविषयी पुढे सांगतो की तो तेव्हा हृदयातून निघालेल्या बहात्तर हजार नाड्यांच्या वाटेने आपल्या विश्रांतिस्थानी गेलेला असतो, आणि तेथे एखादे बालक, एखादा महाराजा किंवा एखादा महाब्राह्मण आनंदाच्या परमावधीला पोचून पडून राहावा तसा पडून असतो. बालक आणि महाराजा ही दोन नावे उपनिषदाने एकाच दमात घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. तेथे विश्रामबागेतील बंगला आणि पत्र्याची खोली यांत भेद उरत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी भाचीला काकूंचे बोलणे सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "मामा, त्यांनी मला एकदा तरी सांगायला हवं होतं." पुढल्या आठवड्यात तिने पेटी पश्चिमेच्या, रस्त्याकडील भिंतीवर हलवून घेतली, बारा फूट तांब्याची नळी जास्त लागली आणि अर्ध्या दिवसाचे काम झाले. काकूंनी आपली खाट पुन्हा खिडकीखाली ओढून घेतली आहे, असे तिने परवा फोनवर कळवले.